राकेलातलं नाणं

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

गोपीचंदचा फोन आला. इथंच तुमसरात त्याचं भांड्यांचं दुकान आहे. नाकाडोंगरीच्या शाळेत तो माझ्या वर्गात होता. शिकत होता असं म्हणवत नाही. २००१ सालच्या दहावीच्या बॅचनं पुन्हा एकदा वर्गात बसायचं ठरवलंय. नऊ नोव्हेंबरला. मी फळा-खडू घेऊन विज्ञानाचा एक तास घ्यायचा आणि त्यांनी बाकांवर बसून ऐकायचा. ही पोटं सुटलेली मंडळी त्या बाकांत मावणार कशी, हे मी विचारलं नाही.

"प्रकाशाचं अपवर्तनच घ्या सर," म्हणाला. "नववीत थ्या तासाले लय मजा आली होती. थे राकेल आठवते का तुमाले?" आणि फोनवरच हसत सुटला.

मी म्हटलं, नाही बुवा आठवत.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कोणी "सर, तास घ्या" म्हटलं की अंगात येतं. तयारीच्या निमित्तानं ही वही पुन्हा उघडली आहे. निर्मला म्हणाली, "अजी, एका तासाले एक महिना तयारी?" तिला काय सांगणार.

१४ ऑक्टोबर

परवा गोपीचंदशी खोटं बोललो आणि इथंही तसंच लिहून ठेवलं. दुसऱ्याशी खोटं बोलावं हे समजू शकतो, पण स्वतःच्याच वहीत?

राकेल मला चांगली आठवते. राकेल हे तिचं नाव नव्हे. तिचं नाव कामिनी. बपेऱ्याहून सायकलनं यायची. तिचे वडील राशन दुकानात मापाडी होते. त्या वर्षी मी नववीला अपवर्तन शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं होतं: विरल माध्यमातून घन माध्यमात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि तो वळतो. माध्यम जितकं घन तितका जास्त वळतो. मग मी विचारलं, पाणी आणि रॉकेल यांत प्रकाश कशात जास्त वळेल? सगळे म्हणाले, पाण्यात. कामिनी उभी राहिली आणि म्हणाली, राकेलात.

"काहून?" मी विचारलं.

"सर, बाबाच्या मापात पैसा पडला का पाह्यते ना मी. पाण्यातला पैसा वर दिसते. पण निळ्या राकेलातला त्याहून वर दिसते."

मी म्हटलं, "रॉकेल पाण्यावर तरंगतं की बुडतं?"

"तरंगते."

"मग हलकं कोण? हलकं ते विरल. तुझं राकेल घेऊन जा आणि चुलीत ओत."

वर्ग हसला. गोपीचंद सगळ्यात मोठ्यानं. त्या दिवसापासून ती राकेल झाली. मला त्या वेळी तो तास फार रंगला असं वाटलं होतं.

मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राचा. पानांच्या शिरा मला कळतात. प्रकाश मला वरून शिकवायला दिला होता, एवढं लिहून ठेवतो.

१५ ऑक्टोबर

निर्मलाला सहज म्हटलं, ती कामिनी नावाची मुलगी होती बघ. तर म्हणते, "होती कायले, हाय. थे वरठीले चष्म्याच्या दुकानात बसते. माहा चष्मा तिनंच बनवून देला. तुमाले सांगतलं होतं मी."

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मुलगी आणि नात आल्या आहेत. नात रिता नागपूरला फिजिक्समध्ये बी.एस्सी. करते, तिसरं वर्ष. शेजारच्या वाडीत धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होता, सगळ्या घरभर तूस उडत होतं. दारं लावून आम्ही दोघं आत बसलो. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, रॉकेल पाण्यापेक्षा हलकं, तरी प्रकाश त्यात जास्त का वळावा?

"आबाजी, वजनाचा यात काही संबंधच नाही," ती म्हणाली. "घन हा शब्दच घोळ करून ठेवते. प्रकाश म्हणजे विजेचं आणि चुंबकाचं क्षेत्र, एकमेकांच्या जोरावर पुढं चाललेलं. ते पदार्थात शिरलं का तिथले इलेक्ट्रॉन डोलायले लागतात. डोलता डोलता ते स्वतःची लहर सोडतात, ती मूळच्या लहरीत मिसळते, आणि एकूण लहर मागं पडते. आता पदार्थ विजेच्या क्षेत्राले किती दाद देते, त्याले परमिटिव्हिटी म्हणतात. चुंबकाले किती देते, ती परमिएबिलिटी. पाणी अन् राकेल दोघंही चुंबकाले विचारत नाहीत, म्हणून ती सोडून द्या. परमिटिव्हिटीचं वर्गमूळ काढा, अपवर्तनांक आला."

रॉकेलची परमिटिव्हिटी दोनच्या थोडी वर. वर्गमूळ एक पूर्णांक चव्वेचाळीसच्या आसपास. पुस्तकातही तेवढाच. मग मी तिच्या मोबाइलवर पाण्याची बघितली. ऐंशी! वर्गमूळ जवळजवळ नऊ, आणि पुस्तकात मात्र एक पूर्णांक तेहतीस. मला इतका आनंद झाला की लपवता आला नाही. म्हटलं, बघ, तुझा नियम पाण्यातच बुडाला. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो.

"कशात चुकले नव्हते?" तिनं विचारलं.

"काही नाही. तू पुढं बोल."

"ऐंशी हे संथ क्षेत्रासाठी आहे. पाण्याच्या रेणूले एक टोक धन, एक ऋण. क्षेत्र हळू बदललं तर सगळा रेणूच वळते, म्हणून आकडा एवढा मोठा. पण प्रकाशातलं क्षेत्र सेकंदाले पाचशे लाख कोटी वेळा उलटते. रेणू जड, तो वळायच्या आत क्षेत्र उलटून गेलेलं असते. तो राहते जागच्या जागी. इलेक्ट्रॉन तेवढे डोलतात. म्हणून एक पॉइंट तेहतीस."

म्हणजे पाण्यात वळायची ताकद आहे, पण वेळेवर वळत नाही. तिला म्हटलं, छान समजावलंस. पाण्याचं हे वागणं मला चांगलंच ओळखीचं वाटलं.

२५ ऑक्टोबर

पाहुणे गेले. आता उरलेलं लिहितो, नाहीतर राहून जाईल.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तास संपवून घरी आलो आणि पुस्तक उघडलं. पान चौऱ्याहत्तर, खालून तिसरी ओळ: प्रकाशीय घनता आणि वस्तुमान घनता भिन्न असतात, केरोसीन पाण्यापेक्षा हलके असूनही प्रकाशीयदृष्ट्या अधिक घन आहे. इतकं स्वच्छ लिहिलं होतं. शिकवण्याआधी मी धडा पूर्ण वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामिनीनं तेच पान उघडून आणलं. बोट ओळीवर. वर्गासमोर काही बोलली नाही, टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, इथं देलं हाय." मला माझं तोंड वाचवायची संधीच देत होती पोर. हे मला आज दिसतं.

पुस्तकातल्या छपाईच्या चुका मी सांगायचो आणि मुलं पेननं खोडायची, ही माझ्या तासाची रीत होती. एखादा आकडा, एखादी वेलांटी. मला ते काम आवडायचं. छापील पुस्तकापेक्षा आपले सर मोठे, असं मुलांना वाटायचं. त्या दिवशी मी वर्गाला म्हटलं, "पान चौऱ्याहत्तर काढा. खालून तिसरी ओळ. छपाईची चूक आहे. खोडा."

बेचाळीस मुलांनी खोडली. कामिनी माझ्यासमोर उभी होती, तिनंही तिथंच टेबलावर पुस्तक ठेवून खोडली.

आमच्याकडे पुस्तकं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जायची. पुढच्या वर्षी निम्म्या पुस्तकांत ती ओळ आधीच खोडलेली होती. उरलेल्या निम्म्यांना मी खोडायला लावली. अभ्यासक्रम बदलेपर्यंत, म्हणजे आणखी पाच वर्षं.

आणि वार्षिक परीक्षेत मी तोच प्रश्न घातला. पाणी की केरोसीन, कारण द्या, गुण चार. गुण मिळवायला काय लिहायचं ते तिला पक्कं माहीत होतं. तिनं केरोसीन लिहिलं, आणि खाली मापाडी बापाच्या मापातल्या नाण्याची आकृतीही काढून दाखवली. मी शून्य दिला. विज्ञानात तिला तेहतीस पडले. पासाला पस्तीस लागत होते.

बापानं शाळा सोडवली. मुख्याध्यापकांना मी सांगितलं, मुलगी हट्टी आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

एसटीनं वरठीला गेलो. माझा चष्मा खरंच जुना झाला आहे, त्यामुळे निमित्त खोटं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला दुकान. कारखान्याची पाळी सुटली होती, मोटरसायकलींच्या गर्दीतून रस्ता ओलांडायलाच पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

तिनं लगेच ओळखलं. "सर, तुमी? या ना, बसा." खुर्ची पुसून दिली. चाळिशीची बाई, केसांत थोडं पांढरं. माझा नंबराचा कागद बघितला, समोर बसून पट्टी धरून दोन डोळ्यांतलं अंतर मोजलं. "समोर पाहा सर. माह्याकडं नाही, माह्या मागं."

मग दोन भिंगं तळहातावर ठेवली.

"तुमचा नंबर मोठा हाय. हे साधी काच. जड पडते, नाकावर वळ उठते. अन् हे प्लास्टिक, इंडेक्स एक पॉइंट सहा सात. हातात घेऊन पाहा. काचेपेक्षा हलकं, पण प्रकाशाले जास्त वाकवते. म्हणून पातळ बनवता येते."

टोमणा होता का? तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तसं काही दिसलं नाही. येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती हेच सांगत असणार, दिवसातून दहा वेळा.

मी म्हणालो, "बरोबर."

ती म्हणाली, "मंग हेच बनवू ना?"

"बनव."

पुढच्या सोमवारी मिळेल म्हणाली. निघालो. बसमध्ये विचार केला, मी "बरोबर" म्हणालो, म्हणजे एका अर्थी कबूल केलंच की. तिलाही समजलं असेल, हुशार आहे. मन बरंच हलकं झालं.

४ नोव्हेंबर

कसलं कबूल केलं! चष्म्याची ऑर्डर दिली फक्त.

गोपीचंदला फोन केला, कामिनीला बोलावलं का? "थे बॅचमध्ये कुठं होती सर? थे तं नववीतच गेली. लिस्टच दहावीची हाय." मी म्हटलं, तरी बघ जमलं तर. तो हो म्हणाला. त्या "जमलं तर" मध्ये माझा किती जीव होता ते मला ठाऊक आहे. ती आली नाही तर बरं, असंच वाटत होतं.

पण तासाला मी खरं सांगणार. हे ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

छत्तीस जण आले. बाकांत कसेबसे बसले, दोघं बाहेर व्हरांड्यातच राहिले. हजेरी घेतली, खोड्या काढल्या, शिट्ट्या झाल्या. मी दोन काचेचे पेले ठेवले, एकात पाणी, एकात रॉकेल, दोन्हींत एकेक रुपया. रॉकेल आता सहज मिळत नाही, गोपीचंदनं कुठूनसं आणलं. एकेकाला बोलावून वरून बघायला लावलं. सगळ्यांनी सांगितलं, राकेलातला वर दिसते.

मग मी म्हणालो, "या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिनं हेच सांगितलं होतं. मी तिला हसलो, तुम्हाला पुस्तकातली बरोबर ओळ खोडायला लावली, आणि तिला नापास केलं. चूक माझी होती, आणि ती मला तेव्हाच कळली होती."

वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि विचारेल. शेवटच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "राकेल झिंदाबाद!" आणि सगळा वर्ग हसला. अगदी तेव्हासारखाच. मग टाळ्या. गोपीचंदनं माइक घेतला, "पाहा लोकहो, याले म्हणतेत मोठेपणा. आजकाल असे गुरुजी भेटतेत का?" शाल, श्रीफळ, फोटो. तिघीचौघी पाया पडल्या. एकीचे डोळे ओले होते, कशामुळे कोण जाणे.

माझ्या चुकीबद्दल माझा सत्कार झाला. आणि खरं लिहायचं तर, शाल अंगावर पडली तेव्हा मला बरं वाटलं. घरी येऊन शाल निर्मलाकडे दिली. "कामिनी आली होती?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. तिनं शाल घडी न करताच ठेवून दिली.

१० नोव्हेंबर

चष्मा आणायला गेलो. आज सगळं बोलायचं म्हणून शब्द जुळवून नेले होते.

तिनं चष्मा चढवून बघितला, दांड्या वाकवून कानामागं बसवल्या. "अक्षर दिसते का सर?" सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा.

मी म्हणालो, "कामिनी, काल शाळेत..."

"पाह्यला मी व्हिडिओ. गोपीचंदचा भाचा कारखान्यात हाय, त्यानं दाखवला. लय हसले लोकं."

"मी सगळं कबूल केलं."

"हो. पण माहं नाव नाही घेतलं तुमी."

मी म्हटलं, तुझी अब्रू जाऊ नये म्हणून. तिनं चष्म्याच्या डबीत कापडाची घडी घातली. "तुमी नाव घेतलं नाही, म्हणून त्यायनं राकेल म्हटलं. नाव घेतलं असतं तं कामिनी म्हटलं असतं."

मी माफी मागितली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोरच मागितली. ती रागावलीही नाही, रडलीही नाही. मला वाटलं होतं दोन्हींपैकी एक होईल.

"माफीचं मी काय करू सर? पंचवीस वर्षं होऊन गेले. घरी बसली, लग्न झालं, माहे मालक वारले, मंग इथं लागली. माहं चाललं हाय. एक काम करा. माही पोरगी दहावीले हाय. तिले काही समजावून द्याले बसली का म्हणते, तू नववी नापास, तू नको सांगू. मी म्हणते, बाई, मी बरोबर लिहिलं होतं. तं हासते. म्हणते, सगळे नापास असंच म्हणतेत."

"मी येतो," मी म्हणालो.

"रविवारी या. घरी या. फोनवर नका सांगू."

१३ नोव्हेंबर

रिताला फोनवर सगळं सांगितलं. "आबाजी, मले वाटलं तुम्ही फिजिक्स विचारून राहिले," एवढंच म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कामिनीचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. मुलगी पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. नाव रेणू. हे नाव कसं ठेवलं, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण विचारलं नाही. पोरगी आईसारखीच दिसते, नजर मात्र जास्त धारदार.

चहा येईपर्यंत थांबलो नाही. उभ्यानंच बोललो. तुझी आई कामिनी, नववीत माझ्या वर्गात होती. तिनं सांगितलं, रॉकेलमध्ये प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळतो. ते बरोबर होतं. पुस्तकातही तेच होतं. ती ओळ मी खोडायला लावली. परीक्षेत तिनं पुन्हा बरोबर उत्तर लिहिलं आणि मी शून्य दिला. चारपैकी चार द्यायला हवे होते. दिले असते तर सदतीस झाले असते, ती पास होती. तुझी आई नापास झालेली नाही. मी तिला नापास केलं.

रेणूनं पुस्तक मिटलं. आईकडे बघितलं. कामिनी दारात उभी होती, हातात चहाची कपबशी तशीच, त्यात साय धरली होती.

"तुमाले माहीत होतं का ते बरोबर हाय?" रेणूनं विचारलं.

"हो."

"पेपर तपासताना बी?"

"हो."

"मंग नापास काहून केलं?"

मनात बरंच काही आलं. मी वनस्पतिशास्त्राचा होतो. प्रकाश मला वरून शिकवायला दिला होता. वर्गात अधिकार राहिला पाहिजे असं वाटायचं. महिनाभर या वहीत मी हेच लिहीत आलो आहे. यातलं काही त्या मुलीसमोर बोलवेना.

"कारण ती बरोबर होती," मी म्हणालो.

कामिनीनं कपबशी माझ्यासमोर ठेवली. चहा निवला होता, मी तो प्यालो. मग निघालो. चपला घालत होतो तेव्हा कामिनी मुलीला म्हणाली, "रेणू, सरायच्या पाया पड."

रेणू उठून उभी राहिली. माझ्याकडे सरळ बघत तशीच उभी राहिली, वाकली नाही.

कामिनीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.